मानेवरचा कापूस

पोरीच्या मानेवरनं कापूस फिरवायचा, तो रसायनाच्या बाटलीत टाकायचा आणि बाटलीतला एक थेंब पेटीत सोडायचा. सिद्राम कोरेचं काम एवढंच. पण सहा वर्षांत असा एक दिवस गेला नाही की काम करून घरी आल्यावर त्यानं दोनदा साबण लावून हात धुतले नाहीत. किळस पोरींची नव्हती. मानेवर घाम असतो, तेल असतं, मळ असतो. माणूस म्हटल्यावर ते असायचंच. किळस होती समोर खुर्च्या टाकून बसलेल्यांची. कापूस मानेला टेकला रे टेकला की ती सगळी माणसं पुढं वाकायची, शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघायला वाकावं तशी.

आधी सिद्राम मिरजेत फ्रिज दुरुस्त करायचा. सातवीत शाळा सोडली, पण फ्रिजच्या पाठीला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगायचा. मग ही वासपेटी आली. आली ती दवाखान्यात. माणसाच्या कातडीवर जे मेण सुटतं त्यात त्याचं सगळं लिहिलेलं असतं, असं कुणी शहाण्यांनी शोधून काढलं. काय खातो, काय पितो, दिवसभर कशात हात घालतो, अंगात कुठला रोग दबा धरून बसलाय. रोग लवकर कळावा म्हणून त्यांनी ते केलं. लोकांनी ते उचललं आणि लग्न जुळवायला आणलं. पत्रिका मागं पडली, पेटीचा कागद पुढं आला. पोरगी बघायला जायचं तर सोबत पेटीवाला पाहिजेच, अशी रीत दोन-तीन वर्षांत पडली. आणि दवाखान्याबाहेर पेटी चालवणारी माणसं हवी होती, ती कुठनं येणार? गॅसच्या नळ्यांना हात लावलेल्या मेकॅनिकांतनंच.

कंपनीचा माणूस शिकवायला आला, तेव्हा त्यानं पेटी उघडून आत रिंगणात गुंडाळलेली केसासारखी तपकिरी नळी दाखवली.

"ही कॅपिलरी."

सिद्राम हसला. "ओ साहेब, फ्रिजमध्ये पण हीच असती की. केपलरी. आमची तांब्याची, तुमची काचेची."

त्या माणसाला ते आवडलं आणि त्यानं मग नीट बसून समजावलं. नळी तीस मीटर लांब. आतनं पोकळ, आणि पोकळीला आतनं सिलिकॉनचा पातळ थर. हा थर तेलकट जातीचा. पाणचट गोष्टींशी त्याचं पटत नाही, त्या आल्या तशा निघून जातात. मेणकट, तुपकट आलं की तो धरून ठेवतो. मग भट्टी तापवत न्यायची, हळूहळू, तीनशे डिग्रीपर्यंत. जे हलकं असतं ते आधी सुटतं, जड ते मागनं. लग्नाच्या पंगतीतनं कसं, पोरं आधी उठतात, म्हातारी शेवटी. मागनं गॅस ढकलत असतो, तो सुटलेल्याला दाराशी आणून सोडतो. दारात एक बारकी ज्योत. जो येईल तो तिच्यात जळतो, आणि जळला की कागदावर एक रेघ उभी राहते.

"पण एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला होता, "ज्योतीला कोण आलं ते कळत नाही. कधी आलं तेवढंच कळतं."

बाविसाव्या मिनिटाला जी रेघ येते ती कंपवाताची, असं तक्त्यात छापलेलं होतं. हात कापतात, चाल अडखळते, चेहरा दगड होतो, तो रोग. दिसायच्या आधी पाच-सात वर्षं मेणात उतरतो म्हणे.

ही रेघ पहिल्यांदा आली गेल्या दिवाळीनंतर. मग दुसऱ्या पोरीला. मग तिसऱ्या. चौथी तन्वी मगदूम.

कृष्णाकाठी भूपाल मगदुमाचं घर. जयसिंगपूरचे चौगुले बघायला आलेले, आई-बाप आणि मुलगा सम्मेद. तन्वी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. खुर्चीवर पाठमोरी बसली, स्वतःच केस उचलून धरले.

"कानामागनं घ्या ओ," चौगुलेबाई म्हणाल्या. "तिथं जास्त साचतं."

सिद्रामनं कापूस कानामागं फिरवला. तन्वीच्या मानेवर काटा आला. त्यानं नजर वळवून घेतली.

पाऊण तासानं कागद बाहेर आला. सिद्राम कागदावर कधी बोलत नसे, नुसता हातात देई. चौगुल्यांनी चष्मा लावला, तक्ता शेजारी धरला, बोट फिरवत बाविसाव्या मिनिटावर आले आणि थांबले.

"मगदूम, हे काय?"

भूपाल मगदुमाला काय ते कळलंच नाही. तो पोह्यांच्या बशा घेऊन उभा होता. चौगुलेबाईंनी मात्र बोट कुठं थांबलंय ते बघितलं, आणि मघाशी तन्वीची हनुवटी धरून "गोड आहे हो" म्हणालेला उजवा हात त्यांनी पदराला पुसला. दोनदा पुसला. मग सगळे उठले. पोहे बशीतच राहिले.

तीन आठवड्यांनी तन्वी दुकानात आली. दुकान म्हणजे पुढं जुने फ्रिज आणि मागच्या कोपऱ्यात पेटी.

"काका, ओळखलंसा?"

न ओळखायला काय झालं? सिद्रामनं स्टूल पुढं सरकवलं. "बस बाळ. अण्णा कसे आहेत?"

"अण्णा घरातनं बाहेर पडंनात. वैनी तिचं पोरगं माझ्या हातात देईना, मी पाडीन म्हणून. कारखान्यात माझा कप वेगळा ठेवलाय, वर चिठ्ठी लावून." ती स्टुलावर टेकली. "चिठ्ठीत नाव शुद्ध लिहिलंय, तेवढं बरं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. हात बघितले, चालायला लावलं, म्हणाले काही नाही. लोक म्हणतात, पेटीला दिसतं ते डॉक्टरला कुठनं दिसणार."

"मग मी काय करू?"

"तुमची कोरी चाल दाखवा."

सिद्रामला ते लागलं. पेटी रोज सकाळी आधी कुणाच्या अंगचं काही न घालता चालवायची, कागद सपाट आला तरच पुढचं काम, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? त्यानं फाईल काढून तिच्यापुढं आपटली. "हे बघ. सहा वर्षांचे आहेत. एक दिवस चुकला असंल तर सांग."

तन्वीनं चार-पाच कागद उलटले. सगळे सपाट.

"यात काय घातलेलं?"

"नुसतं रसायन. बाटलीत असतंय ते."

"आणि कापूस?"

"कापूस कशाला? कोरी म्हणजे कोरी."

"माझ्या मानेला रसायन लावलं नव्हतं काका. कापूस लावला होता."

 सिद्रामची अक्कल फ्रिजवाल्याची. फ्रिजमध्ये गॅस भरायच्या आधी नळी साफ करतात; भाजी कुणी साफ करून बघत नाही.

"कापूस घरचा आहे," तो म्हणाला. "एरवी कंपनीच्याच काड्या असतात. गेल्या दिवाळीपासनं एखाद्या गठ्ठ्यात प्लॅस्टिकच्या रेघा यायला लागल्या, तेव्हा कंपनीच म्हणाली, तसला गठ्ठा निघाला की शुद्ध कापूस वापरा. आमच्या मंडळी वळतात. अंघोळ करून, धुतलेल्या फडक्यावर. देवाच्या वाती वळतात तशा. हाताला तेलाचं बोट लागू देत नाहीत."

"घाला की एक," तन्वी म्हणाली. "मी बसते."

पाऊण तास दोघं बसून राहिली. एक गिऱ्हाईक फ्रिजचा दरवाजा लागत नाही म्हणून सांगून गेलं. बाविसावं मिनिट आलं आणि कागदावर रेघ उभी राहिली. बुटकी, पण ताठ. कुणाच्याही मानेला न लागलेल्या कापसाची.

 तन्वीनं नाक ओढलं आणि एकदम कामाला लागली. औषधाच्या दुकानातनं नवी कापसाची गुंडाळी आणायला लावली, चिमट्यानं त्यातला तुकडा तोडला आणि म्हणाली, "आता हात पुढं करा. कुणाचं लागलंय ते तरी बघू."

सिद्रामच्या तळव्याचा कागद आला. रेघ नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं सुवर्णा चहा घेऊन आली. त्याची बायको, साठीला चार वर्षं कमी. बशांचा किणकिण आवाज तिच्या आधी आत आला. हा आवाज सिद्राम वर्षभर ऐकत होता. बशा हलक्या दर्जाच्या आहेत, असं तो धरून चालला होता. तिनं कप खाली ठेवले, स्टुलावर टेकली, हात मांडीवर ठेवला. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरत होता, वात वळताना फिरतो तसा, हळूहळू, एका लयीत. बोटांत कापूस नव्हता.

वर्षभर त्याला वाटत होतं ती वाती वळते आहे.

तन्वीनं पण बघितलं. तिनं नजर कपात घातली.

"काय झालं?" सुवर्णा म्हणाली. "साखर जास्त पडली का?"

"नाही काकू. बरोबर आहे."

जाताना तन्वी दारात थांबली. "काका, मला काही घाई नाही," ती म्हणाली. घाई तिलाच होती. त्या चार शब्दांनी सिद्रामला जे झालं ते शिवी दिली असती तरी झालं नसतं.

त्यानं सोपी वाट आधी धरून बघितली. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला जाऊन चौगुल्यांना म्हणाला, "कापसात घाण होती. पोरगी चांगली आहे."

चौगुले सुपारी कातरत होते. "घाण कुणाची?"

"असंल कुणाचीतरी."

"असं नसतंय कोरे. पेटीत आली म्हणजे कुणाच्या तरी अंगची आहे. ती दाखवा. नाहीतर मगदुमानं तुम्हाला फिरवलंय, असंच आम्ही समजू. सगळं जयसिंगपूर समजंल."

परत येताना सिद्रामनं मोटारसायकल मध्येच उसाच्या कडेला लावली आणि ओकला. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी. तीन घरं त्याच्या डोळ्यांपुढनं जाईनात. पहिल्या पोरीचा साखरपुडा मोडला होता. दुसरीला वीस वर्षांनी मोठ्या माणसाला देऊन टाकलं होतं, कारण तो कागद मागत नव्हता. तिसरी कुठं गेली कुणाला ठाऊक नव्हतं. या सगळ्यांना त्यानं आपल्या घरचा रोग नेऊन लावला होता, कापसानं, हलक्या हातानं, आणि वर त्यांनाच घाण समजणाऱ्यांच्या हातात कागद दिला होता.

घरी आला तर सुवर्णा वाट बघत होती.

"त्या पोरीनं माझ्या हाताकडं बघितलं," ती म्हणाली. "दोन दिवस तुम्ही माझ्या हाताकडं बघत नाही. आता सांगा काय आहे ते."

त्यानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. डावा हात तिनं उजव्यावर दाबून धरला होता.

"किती पोरी?"

"चार."

"मग चौघींच्या दारात जायला पाहिजे."

"अगं पण तुझं—"

"माझं बघू की. मिरजेत दवाखाने काय कमी आहेत?"

त्या आठवड्यात ती दोघं पेटी घेऊन फिरली. पहिलीच्या बापानं सगळं बघून घेतलं आणि दार लावलं. दुसरीच्या सासरी नुसता कागद देऊन आली. तो तिनं घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पाणी दिलं. तिसरीची आई भेटली. ती सुवर्णाला खूप बोलली, आणि सुवर्णानं ऐकून घेतलं. राहिली तन्वी. चौगुल्यांना रविवारच सोयीचा होता.

रविवारी सकाळी मगदुमांच्या अंगणात पुन्हा खुर्च्या मांडल्या. सिद्रामनं चार चाली लावल्या. नवा कापूस, चिमट्यानं धरलेला: सपाट. सुवर्णानं वळलेली वात: बुटकी रेघ. नव्या कापसानं तन्वीची मान: बाविसाव्या मिनिटाला काही नाही. मधेमधे भट्टी गार करत तीन-साडेतीन तास गेले. पोहे झाले, चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा सुवर्णानंच उठून सगळ्यांना कप दिले. चौगुल्यांनी घड्याळ बघितलं.

शेवटी सुवर्णा उठली, खुर्चीत बसली, तळवा पुढं केला. सिद्रामनं चिमट्यानं कापूस फिरवला. 

रेघ निघाली ती कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

सगळ्यांनी वाकून बघितलं. चौगुलेबाईंनी खुर्ची वीतभर मागं घेतली आणि सुवर्णानं दिलेला चहाचा कप खुर्चीखाली सरकवला. मग चौगुले मोकळं हसले.

"मग झालं तर. पोरगी चोख आहे. मगदूम, साखर आणा की आता."

भूपाल मगदूम रडतच आत पळाला. वैनीनं पोरगं आणून तन्वीच्या मांडीवर ठेवलं. अंगणात एकदम गलका झाला, कुणी फोन लावला, कुणी मुहूर्ताचं काढलं. एका बाईला भर अंगणात, तिच्या नवऱ्याच्याच हातनं, आयुष्यभराचा रोग सांगितला गेला होता आणि तिच्याकडं वळून कुणी ब्र काढला नाही. ती कागदाची कडा धरून तशीच बसली होती. 

तन्वीनं पोरगं वैनीकडं परत दिलं.

"मुलाचा कागद कुठाय?"

चौगुल्यांना वाटलं चेष्टा आहे. "मुलाचा काय करायचाय?"

"काका, सहा वर्षांत किती मुलांच्या मानेला कापूस लावलासा?"

"एकाच्याही नाही," सिद्राम म्हणाला. आणि हे म्हणताना त्यालाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

तन्वीनं चिमटा उचलला, नवा कापूस धरला आणि सम्मेदच्या पुढं जाऊन उभी राहिली. चौगुले ताडकन उठले. "मगदूम, पोरीला आवरा. आम्ही काय चोर आहोत?"

"मी होते?"

"उठ रे सम्मेद," चौगुलेबाई म्हणाल्या.

सम्मेद उठला नाही. दोन्ही भेटींत त्यानं तोंड उघडलं नव्हतं, आत्ताही उघडलं नाही. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं, कॉलर मागं ओढली आणि मान खाली घातली. न्हाव्यानं नुकतीच भादरलेली मान. केसांच्या कडेला पावडरची रेघ, खाली एक तीळ, आणि घामाचे बारके थेंब.

तन्वीनं चिमटा पुढं नेला.  तिनं वर बघितलं तर सगळे पुढं वाकलेले. चौगुलेबाईच नाहीत, वैनी, शेजारची माणसं, आणि साखरेची वाटी हातात धरून तिचा स्वतःचा बाप. सगळ्यांचे डोळे त्या मानेवर.

"शी," ती म्हणाली, आणि कापूस चिमट्यासकट जमिनीवर टाकला.

मग सम्मेदला म्हणाली, "कॉलर लाव. काही विचारायचं असंल तर तोंडानं विचार. आज नको. एकटा ये."

सम्मेदनं बटण लावलं. त्याचा बाप गाडीकडं निघाला होता, आई मागनं. तो उठला, दोन पावलं गेला, वळला.

"रविवारी सुट्टी असते तुला?"

"उसाचं गाळप संपलं की असते."

त्यानं मान हलवली आणि गेला.

पेटी अजून तीनशेवर तापलेली होती. अशा पेटीचा गॅस बंद करायचा नसतो. आधी भट्टी गार होऊ द्यायची, अर्धा तास, आणि मग चावीला हात लावायचा. तापलेली असताना गॅस तोडला तर हवा आत शिरते आणि नळीतला तो तेलकट थर करपून जातो; मग ती नळी कुणाचंच काही सांगत नाही. कंपनीच्या माणसानं पहिल्या दिवशी हे तीनदा बजावलं होतं.

सिद्रामनं चावी फिरवली. दारातली ज्योत फट्कन विझली. जळक्या रबरासारखा बारीक वास आला आणि गेला.

"काका, ती गार व्हायची होती ना?" तन्वी म्हणाली. लॅबमधली पोरगी, तिला कळणारच.

"व्हती."

 सुवर्णा अजून त्याच खुर्चीत होती. अंगणातली माणसं पांगत होती, तिच्या खुर्चीला वळसा घालून. तन्वीनं दुसरी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी लावली, गुडघ्याला गुडघा टेकेल अशी.

"काकू," तिनं विचारलं, "हात दुखतो का ओ?"

सुवर्णानं तिच्याकडं बघितलं. कागद मांडीवर ठेवला.

"दुखत नाही," ती म्हणाली. "पण सकाळी उठलं की हा आपला नाहीच, असं वाटतं. गेल्या श्रावणात सुईत दोरा जाईना, तेव्हा मला वाटलं डोळे गेले..."

ती सांगायला लागली. सिद्राम पेटीवर हात ठेवून उभा होता. यातलं एक अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. तो खाली बसला आणि ऐकायला लागला.